आवाज न चढवणारा बल्लवाचार्य

जून २०२२ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर 'द बेअर' ही मालिका सुरू झाली आणि पाहता पाहता जगभरातल्या प्रेक्षकांच्या चर्चेचा विषय बनली. शिकागोतल्या एका साध्या सँडविच-घराचा भटारखाना हे तिचे रंगस्थळ. थोरल्या भावाने आत्महत्या केल्यानंतर त्याचे कर्जबाजारी दुकान सांभाळण्यासाठी नामांकित उपाहारगृहांत नाव कमावलेला धाकटा भाऊ घरी परततो, ही तिची कथा. धगधगत्या शेगड्या, घड्याळाचे काटे, एकामागून एक येणाऱ्या मागण्यांच्या चिठ्ठ्या आणि त्या दडपणाखाली एकमेकांवर ओरडणारी माणसे यांचे तिच्यातले चित्रण पाहणाऱ्यालाही धाप लागावी असे आहे. या गोंधळाला वळण लावण्यासाठी तिथे फ्रेंच 'ब्रिगेड' पद्धत आणण्याचा प्रयत्न होतो. मालिकेच्या तिसऱ्या भागाचे नावच ते आहे. भांडी घासणाऱ्यापासून मुख्य आचाऱ्यापर्यंत सगळे एकमेकांना 'शेफ' म्हणू लागतात.

ही पद्धत ज्याच्या नावाने ओळखली जाते, तो ऑग्यूस्त एस्कॉफिए १९३५ मध्ये वारला. जगातल्या बहुतेक मोठ्या हॉटेलांचे भटारखाने आजही त्याने आखून दिलेल्या चौकटीत चालतात. दादरच्या केटरिंग कॉलेजात शिकणाऱ्या मुंबईच्या मुलामुलींनाही भटारखान्यातल्या हुद्द्यांची ती फ्रेंच नावे पाठ करावी लागतात. मात्र या चौकटीमागचा हेतू फारसा कुणाच्या लक्षात राहिलेला नाही. भटारखान्यातली आरडाओरड, शिवीगाळ, मारहाण आणि व्यसनाधीनता संपावी, आचाऱ्याला माणसासारखे जगता यावे, यासाठी एस्कॉफिएने आयुष्यभर धडपड केली. त्याच्या आयुष्याला एक काळी किनारही होती आणि ती त्याच्या मृत्यूनंतर अर्धे शतक झाकलेली राहिली.

दक्षिण फ्रान्समध्ये नीस शहराजवळ विलनव्ह-लूबे नावाचे गाव आहे. तिथे २८ ऑक्टोबर १८४६ रोजी एस्कॉफिएचा जन्म झाला. वडील गावचे लोहार. मुलाचा हात चित्रकलेत चांगला होता आणि शिल्पकार व्हावे अशी त्याची इच्छा होती. पण लोहाराच्या घरात अशा इच्छांना फारशी जागा नव्हती. १८५९ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, त्याला नीसमध्ये काकाच्या उपाहारगृहात उमेदवारीला ठेवण्यात आले. पुतण्या म्हणून त्याला कसलीही सवलत मिळाली नाही. कान पिळणे, थपडा खाणे हा तेव्हाच्या उमेदवारीचा भागच होता. त्यात हा मुलगा अंगापिंडाने लहान. शेगडीच्या तोंडाशी उभा राहिला की धग थेट चेहऱ्यावर येई. म्हणून तो उंच टाचांचे जोडे घालू लागला. पुढे जगप्रसिद्ध झाल्यावरही त्याचे ते जोडे सुटले नाहीत.

त्या काळचे भटारखाने म्हणजे बहुधा तळघरातल्या कोंदट, अंधाऱ्या जागा. कोळशाच्या शेगड्यांचा धूर बाहेर जायला वाट नसे. दिवसाचे बारा-चौदा तास त्या धगीत काढणारे आचारी तहान भागवण्यासाठी बिअर आणि वाइन पीत आणि संध्याकाळपर्यंत झिंगलेले असत. मग शिव्या, भांडणे, उमेदवारांना मारझोड हे ओघानेच येई. समाजात आचाऱ्याला प्रतिष्ठा नव्हती. त्याचे अन्न श्रीमंतांना हवे असे, पण तो स्वतः नजरेआड राहिलेलाच बरा असे मानले जाई. एस्कॉफिएने हे सारे अंगावर झेलले. त्यातून कडवट होण्याऐवजी, आपल्या हाती सत्ता आली तर हे चालू द्यायचे नाही, अशी खूणगाठ त्याने मनाशी बांधली.

१८६५ मध्ये तो पॅरिसला 'पती मूलें रूज' या उपाहारगृहात दाखल झाला. पाचच वर्षांनी फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि एस्कॉफिएला लष्करी आचारी म्हणून ऱ्हाइनच्या सैन्याबरोबर जावे लागले. मेट्झ शहराला जर्मन सैन्याने वेढा घातला. अन्नसाठा आटत गेला, तशी घोडे कापून खाण्याची पाळी आली. घोड्याच्या मांसाचा उग्रपणा जावा म्हणून ते आधी उकळत्या पाण्यातून काढायचे आणि मग शिजवायचे, ही युक्ती त्याने तिथे वापरली. ऑक्टोबर १८७० मध्ये मेट्झ पडले आणि तोही युद्धकैदी झाला. या अनुभवाने त्याला दोन गोष्टी शिकवल्या. एक, अन्न टिकवून ठेवण्याचे महत्त्व. डबाबंद अन्नाविषयी त्याला पुढे जन्मभर जे कुतूहल राहिले, त्याचे मूळ इथे होते. दुसरी गोष्ट, सैन्याची रचना. प्रत्येकाला नेमून दिलेले काम, प्रत्येकावर एक वरिष्ठ आणि वरून खालपर्यंत जाणारा एकच स्पष्ट आदेश. युद्धाचा त्याला तिटकारा आला, पण ही रचना त्याने उचलली.

युद्धानंतर तो 'पती मूलें रूज'मध्ये मुख्य आचारी म्हणून परतला. याच काळात डेल्फिन डॅफी हिच्याशी त्याचा विवाह झाला. ती प्रकाशकाची मुलगी आणि स्वतः कविता करणारी. तिच्या वडिलांना बिलियर्डमध्ये हरवून एस्कॉफिएने तिचा हात मिळवला, अशी आख्यायिका आहे. शिल्पकार होण्याची जुनी हौसही त्याच्यातून पुरती गेली नव्हती. जेवणाची मेजे सजवण्यासाठी मेणाची फुले कशी करावीत, यावर त्याने १८८५ मध्ये एक पुस्तिका प्रसिद्ध केली.

आयुष्याला खरी कलाटणी मिळाली ती १८८४ मध्ये. मॉन्टे कार्लोच्या ग्रँड हॉटेलात त्याची गाठ सेझार रिट्झशी पडली. रिट्झ हा स्वित्झर्लंडमधल्या एका खेडेगावातल्या शेतकऱ्याचे तेरावे अपत्य. एक लोहाराचा मुलगा, दुसरा शेतकऱ्याचा. दोघांनाही श्रीमंतांना काय हवे असते हे श्रीमंतांपेक्षा अधिक कळत होते. रिट्झ दर्शनी भाग सांभाळी, एस्कॉफिए भटारखाना. हिवाळ्यात मॉन्टे कार्लो आणि उन्हाळ्यात लुसर्न असा त्यांचा क्रम सुरू झाला. १८९० मध्ये रिचर्ड डॉयली कार्टने या जोडीला लंडनच्या नव्या कोऱ्या सॅव्हॉय हॉटेलात आणले.

सॅव्हॉयमध्ये एस्कॉफिएला आपल्या मनातला भटारखाना प्रथमच पूर्णपणे उभा करता आला. जुन्या व्यवस्थेत भटारखान्याचा प्रत्येक विभाग स्वतंत्र संस्थानासारखा असे. एकेक पदार्थ सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्या त्या विभागातच तयार होई, त्यामुळे तेच तेच काम चार ठिकाणी होई आणि पाहुणा ताटकळत राही. एस्कॉफिएने कामाची वाटणी पदार्थाऐवजी कौशल्याप्रमाणे केली. सॉस करणारा तो 'सोसिए', भाजणे-परतणे पाहणारा 'रोतिसर', भाज्या, सूप आणि अंडी पाहणारा 'आंत्रमेतिए', थंड पदार्थ आणि कोठार सांभाळणारा 'गार्द मांजे' आणि गोडाधोडाचा 'पातिसिए'. या सर्वांवर 'शेफ' आणि त्याचा हाताखालचा 'सू-शेफ'.

याचा फायदा एका साध्या उदाहरणावरून कळतो. 'मेयरबेअर' नावाच्या पदार्थात लोण्यात केलेली दोन अंडी, शेकलेला मेंढीचा गुर्दा आणि ट्रफल या भूछत्राचा सॉस असे तीन घटक असत. जुन्या पद्धतीत एकाच आचाऱ्याला तो करायला सुमारे पंधरा मिनिटे लागत. नव्या रचनेत एकाने अंडी करायची, दुसऱ्याने गुर्दा शेकायचा, तिसऱ्याने सॉस द्यायचा आणि काही मिनिटांत थाळी तयार. कारखान्यातली श्रमविभागणी भटारखान्यात आली ती अशी. शहरे वेगवान होत होती, नाटक-ऑपेरानंतर घाईने जेवायला येणारा नवा वर्ग तयार होत होता, आणि एस्कॉफिएने त्या वेगाशी स्वयंपाकाची सांगड घातली.

पण वेग म्हणजे आरडाओरड नव्हे, हे त्याने पहिल्याच दिवसापासून ठरवले होते. भटारखान्यात मागण्या ओरडून सांगणाऱ्या माणसाला फ्रेंचमध्ये 'आबवाय्यर' म्हणत. शब्दशः अर्थ भुंकणारा. एस्कॉफिएने त्याचे नाव बदलून 'उद्घोषक' अशा अर्थाचे केले आणि आवाज खाली आणायला लावला. शिवी देण्यास बंदी, मारहाणीस बंदी, कामाच्या वेळी दारूस बंदी. दारू नुसती बंद करून तहान भागत नाही, हे तो जाणून होता. म्हणून त्याने डॉक्टरच्या सल्ल्याने बार्लीचे एक पेय तयार करवून घेतले आणि ते भटारखान्यात सदैव ठेवले. आचाऱ्यांनी बाहेर जाताना मळके कपडे बदलून कोट-टाय घालावा, फावल्या वेळात शिकावे, असा त्याचा आग्रह असे. स्वतःला राग अनावर होऊ लागला की तो कानाची पाळी चोळत किंवा गाल खाजवत भटारखान्यातून बाहेर पडे आणि शांत झाल्यावरच परत येई. हाताखालच्या लोकांना ही खूण ठाऊक होती आणि ओरडण्यापेक्षा त्या खुणेचा धाक त्यांना अधिक वाटे.

सॅव्हॉयच्या मेजावर तेव्हा अवघे युरोप जेवत होते. प्रिन्स ऑफ वेल्स नेहमीचा पाहुणा. अभिनेत्री सारा बर्नहार्ट तर एस्कॉफिएची जिवलग मैत्रीण. तिला त्याच्या हातची घोटलेली अंडी फार आवडत. सुरीच्या टोकाला लसणाची पाकळी टोचून त्या सुरीने तो अंडी ढवळी, हे रहस्य मात्र त्याने तिला कळू दिले नाही. ऑस्ट्रेलियन गायिका नेली मेल्बा कोव्हेंट गार्डनला वाग्नरच्या 'लोहेनग्रिन'मध्ये गात होती. त्या ऑपेरात हंस येतो. १८९० च्या दशकाच्या आरंभी एस्कॉफिएने तिच्यासाठी बर्फाचा हंस कोरवून घेतला आणि त्यात व्हॅनिला आइस्क्रीमवर ठेवलेले पीच पाठवले. पुढे त्यात रासबेरीचा रस मिळवला गेला आणि 'पीच मेल्बा' जन्माला आले. बेडकाच्या तंगड्यांचे नाव काढले तरी नाक मुरडणाऱ्या इंग्रजांना त्याने त्या अप्सरांच्या मांड्या अशा काव्यमय नावाने खाऊ घातल्या. तीन दशके लंडनमध्ये काढूनही त्याने इंग्रजी शिकून घेतली नाही. ती भाषा आली तर आपला स्वयंपाकही इंग्रजी वळणावर जाईल, असे तो गमतीने सांगे.

आणि मग ८ मार्च १८९८ हा दिवस उजाडला. सॅव्हॉयच्या संचालकांनी रिट्झ, एस्कॉफिए आणि त्यांचा एक सहकारी यांना तडकाफडकी काढून टाकले. भटारखान्यातले आचारी संतापले, सुऱ्या उगारल्या गेल्या आणि पोलिसांना बोलवावे लागले. बाहेर जगाला वाटले की ईर्षेपोटी गुणी माणसांवर अन्याय झाला. सत्य निराळे होते. हिशेबतपासणीत ३,४०० पौंडांहून अधिक किमतीच्या मद्याचा पत्ता लागत नव्हता आणि माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्यांकडून एस्कॉफिए दलाली घेत असल्याचे निष्पन्न झाले होते. जानेवारी १९०० मध्ये त्याने कबुलीजबाबावर सही केली. त्याच्यावर ८,००० पौंडांची जबाबदारी निघाली, पण त्याच्याजवळ तेवढे पैसेच नव्हते. अखेर ५०० पौंडांवर तडजोड झाली. गाजावाजा नको म्हणून दोन्ही बाजूंनी मौन पाळले आणि ती कागदपत्रे १९८० च्या दशकात प्रकाशात आली.

या प्रकरणाकडे डोळेझाक करून एस्कॉफिएचे चरित्र सांगता येत नाही. व्यापाऱ्यांकडून दलाली घेणे ही तेव्हाच्या हॉटेल व्यवसायातली सर्रास चालणारी रीत होती, असे त्याच्या बाजूने म्हटले जाते. पण जुन्या वाईट रीती मोडणे हेच ज्याचे जीवितकार्य, त्याने हीच एक रीत का पाळावी, हा प्रश्न उरतोच. याच माणसाने त्याच सॅव्हॉयमधून लंडनच्या निराधार वृद्धांची सेवा करणाऱ्या जोगिणींच्या संस्थेला नियमाने अन्न पाठवले होते. श्रीमंतांच्या ताटासाठी लाव्यांच्या छातीचा भाग काढून घेतला की उरलेले मांस भातात शिजवून त्या वृद्धांपर्यंत पोहोचवले जाई. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

बडतर्फीने त्याचे काही अडले नाही. जून १८९८ मध्ये पॅरिसला प्लास व्हांदोममध्ये रिट्झ हॉटेल उघडले. तिथला भटारखाना एस्कॉफिएनेच उभारून दिला. १८९९ मध्ये लंडनचे कार्लटन हॉटेल सुरू झाले आणि पुढची वीस वर्षे तो तिथेच राहिला. सुमारे ६० आचाऱ्यांचा ताफा आणि एका वेळी पाचशेपर्यंत पाने असा तो पसारा होता. पाहुण्याने यादीतून हवे ते निवडावे, ही 'आ ला कार्त' पद्धत इथे रुळली. मागणीची चिठ्ठी तीन प्रतींत लिहिली जाई. एक भटारखान्याला, एक गल्ल्यावर, एक वेटरकडे. सगळे पदार्थ एकदम मेजावर मांडण्याची जुनी फ्रेंच रीत मागे पडत होती आणि एकामागून एक गरम पदार्थ वाढण्याची रशियन पद्धत रूढ होत होती. एस्कॉफिएच्या रचनेने ती मोठ्या प्रमाणावर शक्य करून दाखवली.

दडपणाची किंमत काय असते, हे मात्र त्याने जवळून पाहिले. जून १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाचा सोहळा ऐनवेळी राजाच्या आजारपणामुळे पुढे ढकलावा लागला. कार्लटनमध्ये महिनोन्महिने चाललेली तयारी एका क्षणात फुकट गेली. रिट्झ तिथेच कोसळला आणि त्या मानसिक आघातातून तो कधीच पुरता सावरला नाही. १९१८ मध्ये त्याचे निधन झाले. एस्कॉफिए उभा राहिला, पण त्याच्या घरानेही किंमत मोजली. लंडनची हवा न मानवल्याने डेल्फिन मुलांना घेऊन मॉन्टे कार्लोला परतली होती. पतिपत्नीच्या संसाराची कितीतरी वर्षे दोन देशांत विभागून गेली. पहिल्या महायुद्धात मुलगा डॅनिएल मारला गेला. त्या युद्धाच्या काळात, आघाडीवर गेलेल्या आचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी एस्कॉफिए निधी गोळा करत राहिला.

१९०३ मध्ये सहकाऱ्यांच्या मदतीने त्याने 'ल गीद क्युलिनेर' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. पाच हजारांहून अधिक पाककृतींचा हा कोश आजही व्यावसायिक आचाऱ्यांचा आधारग्रंथ मानला जातो. नुसत्या डोळ्यांसाठी रचलेले, खाता न येणारे डोलारे त्याने ताटातून हद्दपार केले आणि सॉसचे मोजके मूळ प्रकार ठरवून बाकीचे त्यांच्यापासून कसे निघतात हे दाखवले. साधेपणा हा त्याचा मंत्र होता. अर्थात राजेरजवाड्यांच्या मेजावरचा साधेपणा. १९१० मध्ये त्याने गरिबी निर्मूलनासाठी परस्पर साहाय्याची एक योजना मांडणारी पुस्तिकाही लिहिली. म्हातारपणी कष्टकऱ्याला भीक मागावी लागू नये, ही तिच्यामागची तळमळ होती.

त्याने तयार केलेले सुमारे दोन हजार आचारी जगभर गेले, असे सांगितले जाते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कार्लटनच्या भटारखान्यात एका तरुण व्हिएतनामी माणसाने काम केले आणि तोच पुढे हो ची मिन्ह झाला, ही कथाही प्रसिद्ध आहे. तिला भक्कम कागदोपत्री पुरावा नाही. पण कार्लटनच्या जागी आज उभ्या असलेल्या न्यूझीलंड हाउसवर त्या आठवणीची पाटी लावलेली आहे.

१९२० मध्ये वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी तो निवृत्त होऊन मॉन्टे कार्लोला परतला. आचाऱ्याच्या वाट्याला क्वचितच येणारा 'लीजन ऑफ ऑनर' हा फ्रान्सचा सन्मान त्याला मिळाला आणि १९२८ मध्ये त्याची श्रेणीही वाढवण्यात आली. घरगुती स्वयंपाकासाठी लिहिलेले त्याचे 'मा क्युझिन' हे पुस्तक १९३४ मध्ये आले, तेव्हा तो ८७ वर्षांचा होता. ६ फेब्रुवारी १९३५ रोजी डेल्फिन गेली आणि सहाच दिवसांनी, १२ फेब्रुवारीला, एस्कॉफिएनेही डोळे मिटले. विलनव्ह-लूबेच्या स्मशानभूमीत त्याचे दफन झाले. ज्या घरात तो जन्मला, तिथे १९६६ पासून पाककलेचे संग्रहालय आहे.

एस्कॉफिएचा वारसा जगाने स्वीकारला, पण अर्धवट. हुद्दे राहिले, उतरंड राहिली, चिठ्ठ्या राहिल्या, सैन्याची शिस्त राहिली. त्या शिस्तीला माणुसकीची जोड देणारे त्याचे नियम मात्र अनेक ठिकाणी गळून पडले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तर हाताखालच्यांना घालूनपाडून बोलणारा, भांडी फेकणारा शेफ हाच प्रतिभेचा नमुना मानला जाऊ लागला. 'द बेअर'चा नायक ज्या जखमा घेऊन घरी येतो, त्या अशाच एका भटारखान्यात झालेल्या आहेत. ती मालिका पाहताना हे ध्यानात ठेवायला हवे की, या रचनेचा जनक राग आला की कानाची पाळी चोळत बाहेर निघून जात असे. त्याच्या भटारखान्यात साठ माणसे काम करत आणि त्याला कुणावर ओरडावे लागत नसे.